दिवा वर, धूर खाली

४ सप्टेंबर

ठिणगी,

माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच बाजूला टाकशील, म्हणून वरचा पत्ता इथल्या वेल्डरकडून लिहून घेतलाय. आता उघडलंच आहेस तर बस आणि वाच. शिव्या नंतर घाल.

तुझ्या घराचं दार आपटून मी निघाले ती काही हौसेनं नाही. डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं, आता औषधांचं काम संपलं. नाकात नळी घालून ते ऑक्सिजनचं मशीन सतत चालू ठेवायचं, बाकी कोणाच्या हातात काही नाही. आणि त्या सगळ्या वेळात तुझे बाबा एकच वाक्य बोलले. "घरी जाऊ या." तू म्हणालीस, आई, त्या दरीत वीज कुठेय? मी म्हटलं, मी करीन. तर तू हसलीस. रागावली असतीस तर चाललं असतं गं. जावईबापूंनीही खिडकीकडे तोंड करून हसून घेतलं, मला काय दिसत नाही की काय.

तर ऐक. काल मी आपलं वाफेचं इंजिन पेटवलं.

हे आजारी पडल्यापासून ते करवतीच्या शेडमध्ये थंडगार पडून होतं. आगीच्या दारातून उंदराचं अख्खं घर निघालं, बायकोपोरांसकट. पाण्याच्या काचेवर शेवाळ धरलेलं. दिवसभर घासलं, तेल घातलं, पाणी भरलं आणि सुक्या चिरफळ्या लावून आग केली. प्रेशरचा काटा काही हलेना. मग हलला. मी वाफेचा कॉक हळूच उघडला, चाक जरा कुरकुरलं, मला ओळखत नसल्यासारखं केलं, आणि फिरलं. जन्मभर ज्यानं करवत फिरवली त्याला डायनॅमो फिरवायला कसली अडचण? पट्टा कुठे नेलाय ते इंजिन विचारत नाही. डायनॅमो वेल्डरनं बंद पडलेल्या एका सिनेमागृहातून आणलाय. त्यावर शेडमधला एक दिवा लागला, ठिणगी. वेल्डर टाळ्या वाजवत होता, वेडा.

जावईबापूंना सांग, सोलरचं मी ऐकून घेतलं. पण ऊन इथे उशिरा उतरतं आणि चहाच्या वेळेला डोंगराआड जातं, थंडीत तर धुकंच असतं. आणि डिझेल आणायचं कुठून? पुलापलीकडून फक्त पावाची गाडी येते, तीही ड्रायव्हरच्या मनात असेल तेव्हा. लाकडाच्या छाटणीचे मात्र शेडमागे डोंगर पडलेत.

बाबांना सांगू नकोस अजून. म्हणजे, सांग. तुला वाटेल तसं कर.

आई


१७ सप्टेंबर

ठिणगी,

एवढं लांबलचक पत्र लिहिलं मी, आणि तुझं उत्तर काय, तर तीन शब्द. "धुराचं काय, आई?" ना खुशाली, ना बाबांची तब्येत.

दोन दिवस मी तुझ्यावर फणफणत होते. भांडी आपटली. वेल्डरीण (वेल्डरची बायको, तिला आता सगळे हेच म्हणतात आणि तीही ओ देते) म्हणाली, बाई, कपबशी फुटली तर पोरगी तिकडून पाठवणार नाहीये. मग तिसऱ्या दिवशी मी आग पेटवून मुद्दाम घरात जाऊन बसले, बाबा बसायचे त्या खुर्चीत. शेड घराला लागूनच. थोड्या वेळात उशीला, पडद्याला, माझ्या घशाला, सगळीकडे धूर. मला ठसका लागला. मी धडधाकट बाई, मला लागला.

तुझं बरोबर आहे. झालं? लिहून दिलं.

भुसा आणि धूर, ह्यांनीच त्यांची छाती खाल्ली. आणि मी त्याच धुरावर त्यांना श्वास देणार होते. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, कोण जाणे. आम्ही दोघांनी इतकी वर्षं धूर असा गिळला की तो आहे हेच विसरलो.

म्हणून आता इंजिन खाली चाललंय. ओढ्याच्या वळणावर, जिथे तू कपडे वाळत घालायचा कंटाळा करायचीस, तिथे. वारा तिथून दिवसभर खालच्या अंगाला वाहतो, घराकडे फिरकत नाही. बॉयलर उचलायचा म्हणजे चेष्टा नाही. जॅक लावले, खाली गोल ओंडके घातले आणि तसूतसूनं सरकवतोय. पाववालाही गाडी थांबवून हात लावून जातो, आणि जाताना रोज म्हणतो की मला वेड लागलंय. वरपर्यंत तार ओढायला खांबही रोवतोय. बॅटऱ्या घरातच राहतील. दिवसा इंजिन मशीनही चालवील आणि बॅटऱ्याही भरील, आणि मी आग उतरवली की मशीन बॅटऱ्यांवर चालेल. आहे की नाही डोकं?

त्यांची तब्येत कळव. निदान त्याला तरी तीनपेक्षा जास्त शब्द वापर.

आई


२ ऑक्टोबर

ठिणगी,

बाबा बिछान्यात उठून बसतात आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची बघत राहतात, हे तू लिहिलंस. ते मी परत परत वाचलं.

इंजिन एकदाचं ओढ्यापाशी बसलं, आणि तुझ्या सांगण्यावरून दवाखान्यातला मशीनवाला काल तपासणीला येऊन गेला. चांगला माणूस आहे. पाववाल्याच्या गाडीतून, पावांच्या क्रेटवर बसून आला, तरी तक्रार नाही. तपासणी बरी झाली. थोडंसं काही राहिलंय, ते होईल.

मी त्यांची खाट खिडकीशी हलवली. पडदे धुतले. उंबरठ्याचा तो उखडलेला दगड बसवून घेतला, नळी अडकायला नको. थंडी पडायला लागलीय. तुझ्याकडे कशी आहे?

आई


११ ऑक्टोबर

ठिणगी,

बरं. मशीनवाल्यानं सांगितलं तर तुला सगळं. मला वाटलंच होतं, इतकी गोड माणसं पोटात काही ठेवत नाहीत.

आता माझ्याकडूनही ऐक, म्हणजे उगाच तिखटमीठ लावून पोचायला नको.

तो खाली ओढ्यापाशी डायनॅमोवर वाकून बसला होता. त्यानं आपलं तपासणीचं मशीन जोडलं होतं. मी कॉकवर हात ठेवून उभी. इंजिन झकास चाललं होतं, दिवा शांत. त्यानं मीटर बघितला आणि स्वतःशीच म्हणाला, "हं."

बस्स. माझा हात फिरला. मी कॉक उघडला.

तुला कळलं असेल. तुझे बाबा ओंडका करवतीवर ढकलायच्या आधी "हं" म्हणायचे. करवत लाकडात शिरली की इंजिन दबतं, म्हणून त्याच्या क्षणभर आधी वाफ वाढवायची. इतकी वर्षं ते "हं" म्हणाले आणि मी वाफ दिली. वर बघायचीसुद्धा गरज नसायची. पण डायनॅमोवर ओंडका कुठला यायला, कपाळ माझं! इंजिन उधळलं. दिवा आधी पांढरा फटक पडला आणि मग फुटला. त्याच्या मशीनमधून फट् असा आवाज आला, वर जळका वास. मशीनवाला मागच्या मागे चिरफळ्यांत बसला. वेल्डर ओरडतोय, बंद करा, बंद करा, आणि मी तशीच उभी. कारण मला "हं" ऐकू आलं होतं आणि मी वाट बघत होते करवतीच्या आवाजाची.

तो म्हणाला, मावशी, असं एकदा जरी झालं तरी आमचं मशीन जाईल, आणि मशीन गेलं तर पेशंट. घरी न्यायच्या कागदावर मी सही करू शकत नाही. त्याचं चुकलं नाही काही.

"तपासणी बरी झाली" असं मी लिहिलं, कारण तू लगेच म्हणाली असतीस, बघ, मी म्हटलं नव्हतं? आता म्हण. मी खूप रडले त्या दिवशी. मला ते घरी हवेत गं. तुझ्याकडे त्यांचं काही कमी होत नाही हे मला कळतं, चादर रोज बदलतेस, सगळं करतेस. पण त्यांनी घरी जाऊ या म्हटलंय आणि मला तेवढं जमत नाहीये.

आई


२४ ऑक्टोबर

ठिणगे, माझे बाई,

तुझं पत्र आलं. पाववाल्याच्या हातातून घेतलं आणि तिथेच रस्त्यात उभी राहून वाचलं. त्याची गाडी मागे घ्यायची होती, हॉर्न वाजवून थकला बिचारा.

शब्द त्यांचे, अक्षर तुझं. ते खाटेवरून सांगतायत आणि तू लिहितेयस, हे डोळ्यांपुढे आलं. "गव्हर्नर पलंगाखालच्या खोक्यात आहे, तेलकट फडक्यात गुंडाळलेला. वरचा नट उलट्या आट्यांचा आहे, तिला जोर लावू देऊ नको. आणि तिला म्हणावं, हं म्हटल्यावर अजून हात चालतो, म्हणजे मुरलीय." हे शेवटचं तू गाळलं नाहीस, ह्याबद्दल तुला दोन पापे.

खरंच खोक्यात होता. दोन लोखंडी गोळे, फिरले की बाहेर फाकतात आणि वाफ आपोआप कमी करतात. करवतीला तो आळशी पडायचा, वाफ द्यायला उशीर करायचा, म्हणून ह्यांनी कधीचा काढून ठेवला होता आणि मला कॉकवर उभं केलं होतं. माझ्या तर तो डोक्यातूनच गेला होता. तू काढलेलं चित्रही बरोबर होतं, फक्त स्प्रिंग उलटी दाखवलीस. वेल्डर म्हणाला, आईसारखीच आहे पोरगी, नव्वद टक्के बरोबर आणि शंभर टक्के ठाम.

बसवला. मशीनवाला परत आला. त्यानं दहादा भार लावला, दहादा काढला. दिवा जरासा पापणी मिटल्यासारखा करायचा आणि पुन्हा स्थिर. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. त्यानं मुद्दाम मोठ्यांदा "हं" म्हणून बघितलं, लबाड. मी जागची हलले नाही.

सही केली त्यानं. उशाशी एक भरलेला सिलिंडर ठेवायचा, इंजिन कधी अडलंच तर एक संध्याकाळ निघते, एवढीच अट घातली.

आता तू हो म्हण. मी काही म्हणत नाही. तू म्हण.

आई


८ नोव्हेंबर

ठिणगी,

बाबा आले. पोचले.

पुलापासून रस्ता खराब म्हणून गाडी बैलाच्या चालीनं आली. मी खाली इंजिनावर होते, दिवा चालू ठेवायला नको का? गाडीचा आवाज ऐकला. वेल्डरनं आणि मशीनवाल्यानं त्यांना खुर्चीत बसवून आत नेलं. मशीन जोडल्याबरोबर इंजिनाचा सूर बदलला, किंचित जड झाला. मला खाली कळलं, नळी लागली, श्वास चालू झाला. मी चिमणीला हात टेकणार होते, एवढी हरखले. भाजले असते.

तू आली नाहीस. मी कारण विचारत नाही. स्वेटर मिळाले, प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी, हा कधी घालायचा आणि तो कशावर. वेल्डरीण म्हणते, एवढ्या सूचना तर मशीनलाही नाहीत.

बाबा मजेत आहेत. खिडकीतून झाडं बघतात. जेवण बेताचंच, पण चहा मागून घेतात. वेल्डरीण दिवसभर जवळ असते.

तू पाठवलंस त्यांना. हे मी विसरणार नाही.

आई


२३ नोव्हेंबर

ठिणगी,

विचारतेस ते सांगते. हो, झोप चांगली लागते. हो, ओठ निळे पडत नाहीत. काल ते हसले म्हणे. पाववाल्यानं त्याच्या सासूची गोष्ट सांगितली त्यावर. खोकलाही कमी आहे असं म्हणतात.

नवीन काही नाही. लाकूड ओलं लागतंय, वाळवायला बॉयलरशेजारी रचून ठेवते. दर थोड्या वेळानं चिरफळी घालायची, पाण्याच्या काचेवर नजर ठेवायची, पट्ट्याला राळ लावायची. गव्हर्नर वाफ सांभाळतो, आग काही सांभाळत नाही. वेल्डरला दोनदा बसवून बघितलं. तो भट्टी पेटवल्यासारखं एकदम कोंबतो, मग सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळतो, आणि वर बाबा घाबरे होतात. एकदा उलट झालं, गप्पा मारत बसला आणि काटा पडला, सिलिंडर लावावा लागला. त्याचेही हाल बघवेनात, त्याचं स्वतःचं दुकान आहे. मी म्हटलं, राहू दे बाबा, तू आपला वेल्डिंग कर.

तू लिहिलंस, बाबा तुला काय म्हणतात ते लिही. काय म्हणणार? चांगलंच म्हणतात.

आई


३ डिसेंबर

ठिणगी,

तू विचारलंस ते मागच्या पत्रात मी टाळलं. तू परत विचारलंस, आणि तीनच शब्दांत. "तू भेटतेस ना?"

नाही गं. नाही भेटत.

बॅटऱ्या जुन्या आहेत. पहाटेपर्यंत कशाबशा पुरतात, म्हणून ते उठायच्या आत मला खाली येऊन आग करावी लागते. ते जागे असतात सकाळपासून चहापर्यंत. बॅटऱ्या भरल्यावर मी हात धुऊन वर चढते तेव्हा औषधानं त्यांचे डोळे मिटलेले असतात. मी खाटेशी बसते. हात हातात घेते. हलवून उठवावंसं वाटतं आणि उठवत नाही. ते हसले, चहा मागितला, पाववाल्याची सासू, हे सगळं मला वेल्डरीण सांगते आणि मी तुला लिहिते. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यात काहीच नाही.

तरी मी गप्प होते. म्हटलं, श्वास चाललाय ना? वर दिवा आहे, खाली धूर आहे, धूर माझ्या वाट्याला आलाय तर येऊ दे. काल वेल्डरीण खाली आली. चिरफळ्या रचत बसली. मग म्हणाली, बाई, रागावू नका. ते रोज मला विचारतात, "ती कुठे असते हल्ली? माझ्यावर रागावून गेली का?" ती रोज सांगते, अहो, खाली इंजिनावर आहेत त्या. ते हो हो म्हणतात आणि घटकाभरात विसरतात. पुन्हा विचारतात.

मी इथे एकेक चिरफळी घालून त्यांचा श्वास चालवतेय, ठिणगी, आणि त्यांना वाटतंय मी त्यांना टाकून गेले.

मला मागायची सवय नाही. मी कोणापुढे हात पसरला नाही, तुझ्यापुढे तर नाहीच. आज मागते. तू ये. त्यांचं करायला नको, ते वेल्डरीण माझ्यापेक्षा बरं करते. माझ्यासाठी ये. ह्या बॉयलरपाशी बस. लहानपणी आम्ही दोघं करवतीवर गुंतलो की तू आग सांभाळायचीस, काटा तसूभर हलू द्यायची नाहीस. शाळेत पोरी तुझ्या केसांच्या वासावरून नाक दाबायच्या, तेव्हापासून तू करवतीच्या शेडचं नाव टाकलंस, माहीत आहे मला. तरी मागते. परत वास लागेल, कपडे खराब होतील, हाताला फोड येतील.

किती दिवस ते मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही आलं नाही. मला उजेडात त्यांच्याजवळ बसायचंय, ते जागे असताना. त्यांनी मला बघावं, एवढंच.

आई


वरून, दुपार

ठिणगी, ही चिठ्ठी वेल्डरिणीबरोबर खाली पाठवतेय. डाव्या हातानं लिहिलंय, उजवा त्यांनी धरून ठेवलाय.

मी आत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "आलीस? किती वाट बघायची माणसानं?" मी म्हटलं, चुकलं. मी काही समजावत बसले नाही. किती काळी झालीस म्हणाले, आणि पदरानं माझं तोंड पुसलं, माझ्याच पदरानं.

दिवा जरासुद्धा हलत नाहीये. ते दिव्याकडे बघत होते. मला म्हणाले, "इंजिनावर कोण आहे?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते डोळे मिटून ऐकत राहिले. म्हणाले, "वेल्डर नाही." मग म्हणाले, "पोरगी आहे. तिला म्हणावं, छान चाललंय. तिला म्हणावं, थंडी आहे, आता पुरे."

बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या नाहीत, मला माहीत आहे. सिलिंडर आहे उशाशी. आग उतरू दे. तशीच ये, हात धुवायला थांबू नकोस. ते जागे आहेत.